फाइल पोचली, पण तिची तारीख पोचली का?

(पॉडकास्टच्या या भागाचं लेखी रूप. बोलण्यातली भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मी मूळचा माढ्याचा, बीटेक झालोय आणि सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करतो. आज बोलायचंय फाइलच्या तारखेबद्दल. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल सुरक्षितपणे पाठवली, आतला मजकूर जसाच्या तसा पोचला, पण तारीख मात्र आजची दिसते. असं का होतं, त्यानं काय बिघडतं आणि ते टाळायचं कसं, एवढंच.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. फाइलची तारीख फाइलच्या आत नसते. डाळिंबाचा क्रेट डोळ्यासमोर आणा. डाळिंबं म्हणजे मजकूर, आणि क्रेटला बांधलेली चिठ्ठी म्हणजे तारीख. ही चिठ्ठी डिस्कवरची फाइल सिस्टिम सांभाळते. फाइल दुसरीकडं पाठवली की तिथं नवा क्रेट भरला जातो आणि त्याला आजची चिठ्ठी लागते. जुनी चिठ्ठी हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते.

मग एन्क्रिप्शन काय करतं? ते गाडीला लावलेलं कुलूप आहे. वाटेत कुणी माल बघणार नाही, बदलणार नाही, याची हमी देतं. पण माल उतरवल्यावर कुठली चिठ्ठी लावायची, हे कुलूप ठरवत नाही. म्हणून ‘सुरक्षित पाठवलं’ आणि ‘तारखेसकट पाठवलं’ ही दोन वेगळी कामं आहेत.

आता म्हणाल, तारखेनं एवढं काय अडतं? जालन्याचं उदाहरण घ्या. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथं अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. म्हणणं असं, की खोतकरांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत संपल्यावर घेतले गेले. म्हणजे सगळा वाद घड्याळाचा! निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं, पण कोर्टापुढं आल्या त्या सीडी, म्हणजे कॉपी. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं निवडणूक रद्द ठरवली आणि १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. त्याच निकालात कोर्टानं स्पष्ट सांगितलं, की मूळ उपकरणच हजर केलं तर गोष्ट वेगळी, पण कॉपी दाखवायची असेल तर सोबत प्रमाणपत्र बंधनकारक. या खटल्यात वारंवार मागूनही अधिकाऱ्यांकडून ते मिळालं नव्हतं, म्हणून तेवढ्यापुरती सूट दिली.

तिथं वाद फाइलच्या टाइमस्टॅम्पचा नव्हता, हे खरं. पण धडा आपल्यालाही लागू आहे. कॉपी कुठून आली, कशी आली, हे सांगता आलं पाहिजे.

आता आपल्या गावाकडं या. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेला पूर माढा तालुक्यानं बघितलाय. पाणी कधी शिरलं, किती दिवस थांबलं, कधी ओसरलं, हे लोकांच्या फोनमधल्या फोटोंमध्ये आहे. पण ते फोटो फिरले व्हॉट्सॲपवर. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की दोन गोष्टी होतात. एक, फोटो दाबून लहान होतो. दोन, कॅमेऱ्यानं फोटोच्या आत लिहिलेली माहिती, म्हणजे काढल्याची वेळ आणि लोकेशन, निघून जाते. त्या माहितीला एक्झिफ म्हणतात. शिवाय फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती व्हॉट्सॲपची, कॅमेऱ्याची नव्हे. फोटो मंगळवारचा आणि तुम्हाला मिळाला शुक्रवारी, तर नावात शुक्रवार.

माझा मामेभाऊ म्हणाला, ‘‘दादा, सगळ्यांच्या फोनमधले फोटो एका ठिकाणी ठेवूया, पुढंमागं लागतील.’’ मी त्याला म्हटलं, ग्रुपवरून गोळा करू नको, ज्यानं काढलेत त्याच्याच फोनवरून घे. आम्ही फोनवर टर्मक्स नावाचं ॲप टाकलं आणि हॉटस्पॉटवरून आरसिंकनं फोटो लॅपटॉपवर घेतले. तारखा जशाच्या तशा आल्या. मग त्या ओळीनं लावल्या, तर मामाच्या रानात पाणी कसं चढत गेलं ते तासातासानं दिसायला लागलं.

एवढं करायला जमणार नसेल तर सोपा उपाय आहे. व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फाइलची बाहेरची तारीख बदलेल, पण आतलं एक्झिफ शाबूत राहील.

आता जे लॅपटॉपवर काम करतात त्यांच्यासाठी.

एससीपी वापरत असाल तर कमांडमध्ये डॅश आणि छोटा पी लिहा. छोटा पी म्हणजे तारीख आणि परवानग्या जपा. कॅपिटल पी लिहिलात तर त्याचा अर्थ पोर्ट नंबर. आणि गंमत म्हणजे एसएसएचमध्ये छोटा पी म्हणजेच पोर्ट! म्हणून इथं बोटं फसतात.

आरसिंकमध्ये डॅश ए लिहा, त्यात तारीख आलीच. आरसिंक एरवी फाइल बदललीय का हे साइज आणि तारीख बघून ठरवतो. तारीख जपली नाही, तर पुढच्या वेळी त्याला सगळंच बदललेलं वाटतं आणि हजारो फाइली तो पुन्हा तपासत बसतो.

विनएससीपीमध्ये तारीख जपायची खूण आधीपासून असते. फाइलझिलामध्ये मात्र ट्रान्सफर मेन्यूत जाऊन ती आपण लावायची.

पेनड्राइव्हचं एक वेगळंच. जुन्या फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानंच साठते. त्यामुळं एखाद्या सेकंदाचा फरक दिसला तर घाबरू नका. आणि विंडोजमध्ये साधी कॉपी केली की ‘मॉडिफाइड’ जुनी राहते, पण ‘क्रिएटेड’ आजची होते. फाइल जन्मायच्या आधीच बदलली असं वाटतं. खरं तर ती फक्त कॉपीची जन्मतारीख असते.

आता महत्त्वाचं. तारीख जपली म्हणजे पुरावा झाला, असं समजू नका. लिनक्सवर ‘टच’ नावाच्या एका कमांडनं फाइलला हवी ती तारीख लावता येते. चिठ्ठी आहे ती, कुणीही बदलू शकतं. म्हणून मालाचाही ठसा घ्यायचा, त्याला हॅश म्हणतात. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो. पण हॅशमध्ये बाहेरची तारीख नसते. म्हणजे हॅश मालाचा आणि तारीख चिठ्ठीची. दोन्ही लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मधल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यातही हॅश लिहायची जागा आहे.

तर करायचं एवढंच. पाठवण्याआधी नाव, तारीख आणि हॅश यांची यादी करून ठेवा. पाठवताना तारीख जपायला सांगा. पोचल्यावर दोन्हीकडची यादी जुळवा. आणि मूळ फोनमधलं लगेच डिलीट करू नका! स्टोरेज फुल झाल्याचा मेसेज आला की आपण पहिलं तेच करतो.

तुमच्या घरात कुणाच्या जुन्या फोनमध्ये असे फोटो पडून असतील, तर या रविवारी तेवढं काम उरकून टाका. काही अडलं तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू.