वार्धक्यातील निद्रा : आरोग्याचा दुर्लक्षित निकष



वृद्धांच्या तपासणीत मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी यांची नोंद होते. झोपेची सहसा होत नाही. ‘वय झाले की झोप कमी होणारच’, असे म्हणून घरातील मंडळी विषय संपवतात. या समजुतीत अर्धे सत्य आहे आणि उरलेल्या अर्ध्यात धोका आहे.

वयोमानानुसार गाढ निद्रेचा काळ घटतो. जैविक घड्याळाची वेळ अलीकडे सरकते. म्हणून संध्याकाळी लवकर पेंग येते व पहाटे लवकर जाग येते. हे स्वाभाविक आहे. झोपेची गरज मात्र फारशी घटत नाही. पासष्टीनंतरही 7 ते 8 तासांची झोप योग्य मानली जाते. वेदना, रात्री वारंवार लघवीला उठणे, झोपेतील श्वासरोध किंवा नैराश्य यांमुळे झोपमोड होत असेल, तर तो वयाचा दोष नव्हे, उपचाराचा विषय ठरतो. हा संबंध दुहेरी आहे : नैराश्य झोप हिरावते आणि निद्रानाश नैराश्याला खतपाणी घालतो.

वृद्धांच्या तक्रारींकडे स्वतंत्र शास्त्र म्हणून पाहण्याची वाट भारतात चेन्नईने दाखवली. तेथील शासकीय सामान्य रुग्णालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी 1978 मध्ये वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. 1996 मध्ये मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचा एम.डी. अभ्यासक्रम सुरू झाला. फेब्रुवारी 2024 मध्ये गिंडी येथे राष्ट्रीय वार्धक्य केंद्राचे उद्घाटन झाले.

या शास्त्राची शिकवण अशी की, झोपेच्या गोळीआधी कारण शोधावे. अनेक झोपेच्या गोळ्यांमुळे वृद्धांचा तोल जातो, स्मृती मंदावते. रात्री पडून खुब्याचे हाड मोडले, की हिंडता-फिरता माणूस परावलंबी होऊ शकतो. म्हणून दीर्घकालीन निद्रानाशावर सवयी व विचार बदलणारी वर्तनोपचार पद्धती प्रथम सुचवली जाते. उठण्याची ठरावीक वेळ, सकाळचे ऊन, दिवसा हालचाल, दुपारी अल्प विश्रांती आणि सायंकाळी चहा-कॉफी वर्ज्य, हे उपाय अल्पखर्चिक आहेत.

2011 च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्ती सुमारे 10.38 कोटी होत्या. तमिळनाडूत त्यांचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून अधिक होते. 1999 चे राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक धोरण आणि 2010-11 पासूनचा राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रम हे त्यासाठीचे प्रयत्न होत. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राबवलेल्या वार्धक्यविषयक पाहणीच्या पहिल्या फेरीत (2017-18) 45 वर्षांवरील व्यक्ती व त्यांचे जोडीदार अशा 72 हजारांहून अधिक जणांना विचारलेल्या प्रश्नांत झोपेचाही समावेश होता.

आयुर्मान वाढणे हे विकासाचे यश खरे. परंतु वाढलेली वर्षे कशी जगली जातात, हाही विकासाचाच निकष आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्येक वृद्धाला ‘झोप कशी लागते?’ एवढे विचारण्यास वेगळी आर्थिक तरतूद लागत नाही. आरोग्य प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्यांनी हा प्रश्न विसरू नये.