घराणे जयपूरचे, वाद मराठी रसिकांचा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



सुवर्णमहोत्सवानिमित्त चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने केली आणि विषयाची निवड आमच्यावर सोपविली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही गवई नव्हे आणि संगीतशास्त्राचे पंडितही नव्हे. पदवी साध्या बी.ए.ची आणि उभे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेलेले. तथापि बदलीच्या निमित्ताने ज्या ज्या गावी बिऱ्हाड हलविले, तेथे तेथे एका ट्रंकेत भांडी आणि दुसऱ्या ट्रंकेत ध्वनिमुद्रिका हा आमचा क्रम कधी चुकला नाही. तेव्हा आज जे बोलणार आहोत ते केवळ श्रोत्याच्या अधिकाराने.

विषय घरातलाच आहे. आपल्या श्रवणबैठकीत गेली काही वर्षे एक वाद धुमसतो आहे, हे येथे बसलेल्यांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ज्येष्ठ मंडळींना केसरबाई केरकरांच्या पलीकडे गाणे नाही. मधल्या पिढीला किशोरीताई आमोणकरांवाचून दुसरे काही सुचत नाही. त्यातच मागे मंडळातल्या एका तरुणाने अमेरिकन जॅझमधील पियानो-त्रयीचे वादन ऐकविले. दोन-तीन ज्येष्ठ उठून गेले. पुढच्या बैठकीला तरुण आले नाहीत. वाद झाला याचे आम्हांस दुःख नाही. खुर्च्या रिकाम्या राहिल्या याचे आहे. परमुलुखात मंडळ चालते ते माणसे येतात म्हणून. म्हणून या वादाचा थोडा मुळापासून विचार करावा असे वाटले.

प्रथम आपण जेथे बसलो आहोत त्या भूमीचे स्मरण करू. जयपूर हे संगीताचे जुने पीठ. सवाई रामसिंह यांच्या कारकिर्दीत बहरामखाँ डागरांसारखे ध्रुपदिये या दरबारी होते. संस्थानच्या गुणिजनखान्यात गायक, वादक, नर्तक यांचा सांभाळ होई. या जयपूरजवळच्या उणियारा या ठिकाणी, आजच्या टोंक जिल्ह्यात, १८५५ साली अल्लादियाखाँ जन्मले. घराणे मूळचे अलीगढजवळच्या अत्रौलीचे. वडील लवकर वारले आणि चुलते जहांगीरखाँ यांच्याकडे जयपुरात त्यांची तालीम झाली. पुढे ते शाहू छत्रपतींच्या आश्रयाला कोल्हापुरास गेले, आणि १९२२ साली महाराज निवर्तल्यावर मुंबईस स्थायिक झाले. तेथेच १९४६ साली त्यांचे देहावसान झाले.

म्हणजे पाहा, विद्या जयपूरची, पण ती रुजली पंचगंगेच्या काठी आणि फोफावली मुंबईत. तिचे शिष्य कोण? भास्करबुवा बखले, गोव्यातील केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई. खाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडून ती धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांकडे गेली. आज जयपुरातल्या एखाद्या जाणत्या माणसाला जयपूर घराण्याचे नाव काढले तर तो पटकन कथक नृत्याविषयी बोलू लागतो. गायकी मात्र आपल्या मराठी आणि कोकणी माणसांनी सांभाळली. आपण महाराष्ट्रातून येथे आलो. येथली विद्या आपल्या आधीच महाराष्ट्रात जाऊन आली होती. या देवघेवीचा मंडळाला अभिमान वाटावा.

आता या गायकीचे वैशिष्ट्य काय, ते श्रोत्याच्या भाषेत सांगतो. खुला, दमदार आकार. लय मध्यम-विलंबित, बहुधा तीनतालात. तबलजीने सरळ, स्वच्छ ठेका धरावा आणि गवयाने त्या ठेक्याच्या अंगाने स्वरांची अशी वीण घालावी, की आवर्तनात कोठे पोकळी राहू नये आणि समेवर येण्यासाठी धावाधाव करावी लागू नये. तान सरळ चढून सरळ उतरत नाही. वळणे घेते, आड जाते आणि अनपेक्षित ठिकाणाहून मार्गावर येते. नायकी कानडा, बसंती केदार, संपूर्ण मालकंस अशा अनवट आणि जोडरागांची या घराण्याला विशेष आवड. वामनराव देशपांडे यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘घरंदाज गायकी’ या ग्रंथात स्वर आणि लय ही दोन टोके कल्पून घराण्यांची मांडणी केली. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला आणि या दोहोंचा तोल मध्यभागी साधणारे जयपूर. वामनराव व्यवसायाने हिशेबतपासनीस आणि मोगूबाईंचे शिष्य. जमाखर्चाचा ताळा जुळविणाऱ्या माणसाला या गायकीतला तोल भावावा, यात आमच्यासारख्या कारकुनी पेशातल्या माणसाला तरी नवल वाटत नाही.

हा तोल केसरबाईंच्या गाण्यात पूर्णत्वाला गेला, असे ज्येष्ठ म्हणतात आणि ते खरेच आहे. तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीतसुद्धा राग सबंध उभा राहतो, एक श्वास वाया जात नाही. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात पाठविली. त्यांवरील सुवर्ण तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात बाई गेल्या. भैरवी आजही सूर्यमालेबाहेर प्रवास करते आहे.

मग किशोरीताईंनी काय केले? मोगूबाईंसारख्या कठोर गुरूची ही कन्या. १९३२ साली जन्म, २०१७ साली निधन. तालीम अस्सल जयपूरची. तीत भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांच्या मार्गदर्शनाची भर पडली. ताईंनी लय आणखी संथ केली. आलापाला विस्तार दिला, सरगम घेतली, स्वरावर रेंगाळल्या. रागाचे व्याकरण सांगून न थांबता त्याचा भाव शोधायचा, हा त्यांचा ध्यास होता. संगीताला घराण्याच्या भिंती नसाव्यात, असे त्या जाहीरपणे म्हणत. आक्षेपकांचे म्हणणे असे की, ठेका मागे पडला, आवर्तनाची वीण सैल झाली, आणि मध्याचा तोल सोडून गायकी स्वराच्या टोकाकडे झुकली. समर्थक म्हणतात की, त्यांचा भूप ऐकल्यावर पाच स्वरांत एवढे आकाश असते हे प्रथम कळले.

नेमका हाच वाद सातासमुद्रापलीकडे पियानोच्या बाबतीत झाला, हे आम्हांस त्या तरुणाच्या निवडीमुळे कळले. त्याबद्दल त्याचे जाहीर आभार. जॅझमधील त्रयी म्हणजे पियानो, उभा धरून बोटांनी छेडायचा डबल बेस आणि ड्रम. जुन्या पद्धतीत पियानो हा यजमान. बेसने पावलागणिक मात्रा मोजत चालायचे, ड्रमने लय झुलती ठेवायची. आपल्याकडच्या ठेक्यासारखेच. ऑस्कर पीटरसन यांच्या वादनात या झुलत्या लयीचे वैभव दिसते. अहमद जमाल यांनी १९५८ साली शिकागोत केलेल्या ध्वनिमुद्रणात मधल्या मोकळ्या जागांना महत्त्व आणले. आणि २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या लहानशा तळघरात बिल एव्हान्स, स्कॉट लाफारो आणि पॉल मोशन या तिघांनी मात्रा मोजून दाखविण्याचे जवळजवळ सोडूनच दिले. बेस पियानोशी बोलू लागला, ड्रम मध्येच कुजबुजू लागला. ताल होता, पण तो कोणी एकटा वाजवीत नव्हता; तिघांच्या मनात चालू होता. अवघ्या अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेले. वय पंचवीस.

त्यावरही रसिकांत दोन तट पडले. एक पक्ष म्हणे, यात झुलती लय उरली नाही, हे पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या दिवाणखान्यातले वादन झाले. दुसरा म्हणे, तीन माणसांनी एकमेकांचे ऐकणे हेच खरे जॅझ. १९८३ पासून कीथ जॅरेट, गॅरी पीकॉक आणि जॅक डीजॉनेट यांनी जुनीच लोकप्रिय गाणी घेऊन तीस वर्षे हा संवाद पुढे नेला. पुढे स्वीडनच्या एस्ब्यर्न स्वेन्सन यांच्या त्रयीपर्यंत आणि आजच्या ब्रॅड मेलडाऊपर्यंत हा वाद मिटलेला नाही.

कोणी म्हणेल, हे परकीय संगीत आपल्या मंडळात कशाला? त्यांना आम्ही गोव्याची आठवण देतो. ज्या चिमुकल्या गोव्याने केसरबाई आणि मोगूबाई दिल्या, त्याच गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकून निघालेल्या वादकांनी मुंबईत जॅझ वाजविले. आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना जग चिक चॉकलेट म्हणून ओळखते, आणि फ्रँक फर्नांड ही त्यांतली नावे. सेबास्टियन डिसोझांसारख्यांनी हिंदी चित्रपटगीतांचे वाद्यमेळ रचले. १९५८ साली डेव्ह ब्रूबेक भारतात येऊन गेले, आणि १९७८ पासून मुंबईत ‘जॅझ यात्रा’ भरू लागली. तेव्हा हा पाहुणा आपल्या ओसरीवर पूर्वीच बसून गेलेला आहे.

आता निवाडा. निवाडा देण्याची आमची पात्रता नाही. परंतु फाईलवर शेरा मारण्याची सवय जुनी, म्हणून तीन कसोट्या सुचवितो. पहिली: राग किंवा चीज ओळखू येते का, की केवळ कसब दिसते? दुसरी: सम आली असे वाटते, की आणली असे वाटते? तिसरी: साथ करणारा ऐकतो आहे का, आणि मुख्य कलावंत त्याला ऐकतो आहे का? या तिन्ही कसोट्यांना केसरबाई उतरतात. एव्हान्सची त्रयी उतरते. आणि किशोरीताईंच्या चांगल्या मैफली निःसंशय उतरतात, कारण त्यांनी सैल केलेली वीण आधी त्यांच्या बोटांत घट्ट बसलेली होती.

तरी ज्येष्ठांच्या आक्षेपात तथ्य मुळीच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. ताईंच्या मागून आलेल्या कित्येकांनी संथ आलाप घेतला, पण त्यामागची मोगूबाईंची तालीम घेतली नाही. एव्हान्सच्या अनुकरणातही हेच घडले. हळुवारपणा उचलला गेला, आतली लय राहून गेली. जुन्या गायकीत ठेक्याशी झगडताना जो ताण निर्माण होई, तो या अनुकरणात हरवला, आणि हे नुकसान खरे आहे. म्हणूनच केसरबाईंच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी, ज्या २०१४ साली गेल्या, त्यांनी आयुष्यभर जुने वळण जसेच्या तसे जपले, याचे मोल मोठे. एकीने जपले नसते तर दुसरीने कोठून निघून कोठवर मजल मारली, हे मोजायला मापच राहिले नसते.

तरुणांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्यांना आपण परंपरेचे मूळ पुरुष मानतो ते अल्लादियाखाँ स्वतः त्यांच्या काळचे आधुनिकच होते. ऐन उमेदीत अतिगायनाने त्यांचा आवाज बसला. परत आला तो पूर्वीचा राहिला नाही. जो आवाज उरला त्याला साजेल अशी वळणदार गायकी त्यांनी नव्याने घडविली. आज जिला आपण जुने शुद्ध रूप म्हणतो, ती एका माणसाने आपत्तीतून काढलेली वाट होती. ती अवघड गायकी म्हणूनच प्रथम ओळखली गेली. हे लक्षात ठेवले तर ज्येष्ठांचा राग थोडा निवळेल आणि तरुणांचा गर्वही.

मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की देवळाचे आणि घरांचे अवशेष वर येतात आणि विखुरलेले गावकरी तेथे जमतात. जमिनीचे गाव असे वर्षातून थोडे दिवस दिसते. गाण्याचे गाव मात्र कोठेही वसविता येते; कोल्हापूरला, धारवाडला, किंवा जयपुरातल्या आपल्या या सभागृहात. त्यासाठी ऐकणारी माणसे एकत्र बसली पाहिजेत, एवढीच अट.

म्हणून कार्यकारिणीला आमची नम्र सूचना आहे. श्रवणबैठकीत यापुढे एकच राग दोन पिढ्यांच्या गळ्यातून लागोपाठ ऐकवावा. निवड एकदा ज्येष्ठांनी करावी, एकदा तरुणांनी. आणि ज्याने निवड केली त्याने ती का केली हे पाच मिनिटांत सांगावे. तीन महिन्यांतून एकदा पाहुण्या संगीतालाही पाट मांडावा. वाद अवश्य व्हावा, चहा होईपर्यंत व्हावा. मात्र शेवटची ध्वनिमुद्रिका संपेपर्यंत कोणी उठू नये. पुढील पन्नास वर्षांचे मंडळ आज मागच्या रांगेत बसलेल्या मुलांना चालवायचे आहे. आपण त्यांचे ऐकले, तर तीही आपले ऐकतील.