दुबईचा पगार आणि घरचें खातें

रत्नागिरीकडील तरुण नोकरीसाठीं दुबईस जातो, पहिला पगार बँकेंत जमा होतो, आणि त्यांतून प्राप्तिकराचा एक पैसाही कापलेला नाहीं हें पाहून त्याला धन्य वाटतें. संयुक्त अरब अमिरातींत वेतनावर प्राप्तिकर नाहीं, हें खरेंच. परंतु श्रोत्यांनीं जमेबरोबर खर्चाची बाजूही पाहावी. घर घेतांना वर्षाच्या भाड्याचे चेक, बहुधा एक ते चार, पुढील तारखा घालून आधींच लिहून द्यावे लागतात. परक्या नागरिकास तेथें सरकारी निवृत्तिवेतन नाहीं. नोकरी सोडतांना सामान्यतः उपदान मिळतें. तें पहिल्या ५ वर्षांबद्दल वर्षास २१ दिवसांचें मूळ वेतन व पुढील वर्षांबद्दल ३० दिवसांचें. म्हातारपणाची तरतूद ज्याची त्यानेंच करावयाची असते.

ती तरतूद बहुधा घरच्या बँकेंत होते, आणि खरी अडचण तेथेंच उद्भवते. गांवचें जुनें बचत खातें तसेंच चालूं ठेवण्याची पुष्कळांची वहिवाट आहे. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याप्रमाणें तें चालत नाहीं. नोकरीसाठीं देश सोडणारा अनिवासी ठरतो, व तें खातें एन. आर. ओ. करून घ्यावें लागतें. घरभाडें, लाभांश वगैरे इकडची मिळकत त्यांत जमा व्हावी. तिच्या व्याजांतून शेंकडा ३० कर व वर उपकर कापला जातो. दिरहमांतील कमाईसाठीं एन. आर. ई. खातें वेगळें. त्याचें व्याज अनिवासी असेपर्यंत करमुक्त, आणि मुद्दल व व्याज दोन्ही केव्हांही परदेशीं नेतां येतात. एन. आर. ओ. मधून मात्र आर्थिक वर्षास १० लक्ष डॉलरांपर्यंतच. (कोंकणच्या चाकरमान्यास ही मर्यादा जाचण्याचा संभव थोडा!)

सर्वांत नाजूक प्रश्न सहीचा. घरीं म्हातारे वडील अकस्मात् आजारी पडतात, इस्पितळ अनामत मागतें, खात्यांत रक्कमही असते. पण सही करणारा शारजाला! एन. आर. ई. खात्यांत निवासी आप्ताचें नांव जोडतां येतें, परंतु तें दुसरें म्हणूनच. मुलाच्या हयातींत त्या आप्तास केवळ मुखत्यार या नात्यानें व्यवहार करतां येतो. म्हणून बँकेच्या नमुन्याप्रमाणें मुखत्यारपत्र जाण्यापूर्वींच करून ठेवावें. तिकडे गेल्यावर केलें तर तें तेथील भारतीय वकिलातींत साक्षांकित करावें, आणि इकडे पोंचल्यापासून ३ महिन्यांच्या आंत त्यावर मुद्रांकशुल्क भरावें. मुखत्यारी देणाराच निवर्तला तर तें पत्र निरुपयोगी होतें. यास्तव खात्यावर वारस नेमण्याचा रकाना रिकामा ठेवूं नये. तो रिकामा राहिल्यास विधवेला किती खेटे घालावे लागतात, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना सांगावयास नको.

सांठलेल्या पैशांतून आंब्याची बाग घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. अनिवासी भारतीयास शेतजमीन, मळा वा शेतघर विकत घेतां येत नाहीं. वारसाहक्कानें आलेली जमीन ठेवतां येते. कायमचें परत आल्यावर बँकेस कळवून खातीं पुन्हां निवासी करून घ्यावीं, आणि सातबाऱ्यावर नांव असल्यास बागेचीं बोलणीं त्यानंतर करावीं.