ओटीपी कुणाच्या हातात?



स्नेहसंमेलनाच्या आनंदात आकडेवारी नकोशी वाटते, तरी थोडी सांगायलाच हवी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. पण इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया होत्या ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. फोन स्वस्त झाले की ही दरी आपोआप बुजेल, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. किंमत हे एक कारण आहेच, पण घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो कुणाच्या खिशात जातो, आणि मुलीने तो हातात धरला की ‘कुणाशी बोलतेस?’ हा प्रश्न कोण विचारतं, हे बाजारभावावर ठरत नाही. मुलींची ऑनलाइन छळवणूक होते, म्हणून त्यांना फोनपासून लांब ठेवावं, असंही म्हटलं जातं. त्यामागची काळजी खरी आहे. पण फोन काढून घेतला की शिक्षा होते ती मुलीला. त्रास देणारा मोकळाच राहतो, आणि तक्रार करायचं साधनही तिच्या हातून जातं.

फोन कुणाच्या हातात, हा प्रश्न सरकारी योजनांतही येतो. बायकांना आर्थिक मदत देणाऱ्या, महाराष्ट्र सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेचं उदाहरण घ्या. २०२५मध्ये लाभार्थींना ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपीही मागितला गेला. नवरा आणि वडील दोघंही हयात नसतील तर? नवऱ्याने टाकून दिलेल्या बाईने त्याच्याकडे ओटीपी मागायचा? अपात्रांना वगळण्यासाठी पडताळणी लागते, हे मान्य. पण अशा बायकांसाठी वेगळी सोय नंतर करावी लागली. ती पहिल्या दिवशीच का सुचली नाही? एकल बाईच्या उंबऱ्यावर बसून तिचं ऐकलेलं माणूस त्या आखणीत असतं, तर हा प्रश्न तिथेच उठला असता. म्हणून अशा ऑनलाइन पद्धती आखण्याचं काम एकट्या अभियंत्यांचं नाही, समाजकार्य शिकणाऱ्या तुमचंही आहे.

मात्र एक धोका आहे. अंगणवाडी सेविकांनी असंख्य बायकांचे अर्ज भरून दिले, त्यांचे कष्ट मोलाचेच. पण दर वेळी आपणच अर्ज भरत राहिलो, तर बाईचं अवलंबून राहणं नवऱ्याकडून आपल्याकडे सरकतं, इतकंच. वेळ लागला तरी फोन तिच्या हातात राहू द्या. बचत गटाच्या बैठकीत तिला स्वतःचा पिन टाकू द्या, चुकू द्या, पुन्हा टाकू द्या. आणि त्या वेळी तुमचा हात मागे असू द्या.