पाण्याखालचं घर कोण मोजणार?

(लोणावळ्यातील मेळाव्यात केलेले भाषण)

मैत्रिणींनो, फेब्रुवारी 2025 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पाच जणांच्या चमूने द्वारकेच्या समुद्रात बुड्या मारल्या. त्यात तिघी स्त्रिया होत्या. एवढ्या बायका एकदम उतरल्याची खात्यातली ही पहिलीच वेळ. खात्याचा हा विभाग निघाला 2001 मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं लागली!

बुडालेलं जहाज शोधणं म्हणजे खजिना काढणं नव्हे. गोव्यात सुंची खडकापाशी फुटलेल्या जहाजात हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि मातीची भांडी सापडली. अशा कामात आधी दोरी ताणायची, तिच्यापासून वस्तूचं अंतर मोजायचं, पाण्यात लिहिता येणाऱ्या पाटीवर टिपायचं, मगच हात लावायचा. वस्तू जागची हलली की निम्मा पुरावा गेला.

आपल्या मावळात पवना धरणाचं पाणी ओसरलं की वाघेश्वराचं मंदिर उघडं पडतं. फोटो त्याचेच निघतात. बुडालेल्या घरांची चूल, जातं, बायकांचा पाणवठा कुठे होता, हे मात्र मी कुठल्या फोटोत पाहिलं नाही. सातबारावर बाईचं नाव क्वचितच असे, मग ती तिथे नांदली याला पुरावा कोणता? तिला आठवणारी जागा, एवढाच. आणि आठवणाऱ्या आता सत्तरीकडे झुकल्या आहेत.

येत्या मे महिन्यात मी जाणार आहे. दोरी, टेप, वही आणि बरोबर दोन-तीन आजी. पोहता यायला हवं असं नाही. गाळात पाय रुततो, म्हणून काठी आणा. ज्यांना यायचंय त्यांनी चहाच्या वेळी नावं द्या.