भिवपुरीचें पाणी

पावसाळ्यांत मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या प्रवाशास कर्जतच्या पुढें डोंगरावरून शेंकडों धबधबे कोसळतांना दिसतात. या प्रदेशास पाण्याची वाण पडत असेल ही कल्पनाहि त्यास शिवत नाहीं. त्याच डोंगराच्या कुशींतील ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांतून वैशाखांत मात्र बाया रिकामे हंडे घेऊन झऱ्यापाशीं तिष्ठत असतात. काळ्या पाषाणांत पाणी भेगांपुरतेंच मुरतें. उरलेलें उतारानें समुद्राची वाट धरतें.

भिवपुरीची गोष्ट याहून नवलाची. घाटमाथ्यावरील आंध्रा ही इंद्रायणीची उपनदी. तिचें पाणी भीमा-कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरास जावयाचें. ठोकरवाडीस धरण बांधून तें बोगद्यांतून पश्चिमेस वळविलें गेलें आणि १९२२ सालीं टाटांचें वीजघर भिवपुरीस सुरू झालें. चक्रें फिरवून बाहेर पडलेलें हें पाणी पेज नदींत येतें. राजनाल्याच्या कालव्याखालीं त्यावर उन्हाळ्यांत दुसऱ्यांदा भातशेती होते, आणि पुढें उल्हास नदीच्या कांठच्या शहरांस तें पुरतें. खालीं भर उन्हाळ्यांत वाहती नदी, आणि वर वाडी कोरडी!

नकाशावर नदीची निळी रेघ सर्वांस दिसते; वाडीचा झरा तेथें नसतो. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ मध्यें स्थापन झाली. ती ठराविक निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षांतून कांहीं वेळां मोजते. प्रत्येक झऱ्यापाशीं तिनें यावें ही अपेक्षा व्यर्थ. तें काम गांवच्या शाळेनें करावें. दोरीस वजन बांधून विहिरीच्या कांठापासून पाण्यापर्यंतचें अंतर घ्यावें व त्यांतून कठड्याची उंची वजा करावी. हें हटकून विसरलें जातें. झऱ्याखालीं दहा लिटरची बादली ठेवून ती किती सेकंदांत भरते तें पाहावें. तारीख अवश्य लिहावी, कारण श्रावणांतल्या मापावरून वैशाखाचें कांहींच कळत नाहीं. कोणता झरा केव्हां आटतो हें बायांस पाठ असतें. वही घेऊन त्यांच्याकडे मात्र क्वचितच कोणी जातें.

कर्जतच्या आसपास शेतघरें वाढलीं, तशा त्यांच्या विंधनविहिरीहि वाढल्या. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उगमापासून ५०० मीटरच्या आंत परवानगीवांचून विहीर खणण्यास १९९३ च्या राज्य-कायद्यानें मनाई केली. २००९ च्या अधिनियमानेंहि अशा उगमांस संरक्षण दिलें. पण ज्या झऱ्याची नोंदच नाहीं त्यापासूनचें अंतर मोजणारा कोठून मोजणार? झरा आटल्याची तक्रार वाडीनें नेली, तर पूर्वी तो बारमाही होता याचा पुरावा मागितला जाईल. तेव्हां चार-पांच वैशाखांचीं मापें असलेली शाळेची वही पुढें ठेवतां येईल.