पोटभर कोळंबी आणि रिकामी टेबलं

अनलिमिटेड थाळीचं हॉटेल चालवणाऱ्या माणसाला कधी विचारून पाहा, की बाबा रे, ठरावीक पैशांत लोकांना हवं तेवढं वाढून तुला परवडतं कसं? तो गालातल्या गालात हसेल. त्याचा हिशेब सोपा असतो. माणसाचं पोट भरतं ते फुलके, भात, डाळ आणि बटाट्याच्या भाजीनं, आणि या सगळ्या वस्तू स्वस्तातल्या. वाढपीही तरबेज असतो. पहिल्या दहा मिनिटांत फुलक्यांचा असा मारा करतो, की बासुंदीची दुसरी वाटी मागायची ताकदच उरू नये!

आता हे गणित उलटं करा. ताटातली सगळ्यांत महाग वस्तूच हवी तितकी द्यायची, असं ठरवलं तर? अमेरिकेतल्या रेड लॉब्स्टर या साखळीनं नेमकं हेच केलं. जून २०२३ मध्ये तिनं २० डॉलरमध्ये 'हवी तेवढी कोळंबी' ही योजना कायमची सुरू केली. पूर्वी ती वर्षातून थोडे दिवसच असायची. गर्दी थोडी वाढली, पण लोक बसले की उठेनात. एक टेबल दोन-दोन तास अडून राहू लागलं. कंपनीला या योजनेत सुमारे १ कोटी १० लाख डॉलरचा फटका बसला आणि १९ मे २०२४ रोजी तिनं दिवाळखोरी कायद्याचं संरक्षण मागितलं. अधाशी गिऱ्हाइकांनी कोळंबी खाऊन अख्खी कंपनी फस्त केली, अशी गंमतीदार बातमी तेव्हा जगभर पसरली.

बातमी गंमतीची असली तरी ती अर्धीच होती. उरलेली अर्धी जास्त बोधप्रद आहे.

आधी हा धंदा कोणता, ते पाहू. अमेरिकेत याला 'कॅज्युअल डायनिंग' म्हणतात. काउंटरवरून बर्गर घेऊन निघायचं, तसं इथे नाही. आणि पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथचं, कोट घालून जायचं महागडं रेस्टॉरंट, तेही नाही. दोन्हींच्या मधलं. टेबलापाशी वेटर येतो, मुलांसाठी वेगळं मेनूकार्ड असतं, कुणाचा वाढदिवस असला तर नोकरमंडळी टाळ्या वाजवून गाणं म्हणतात. आपल्याकडच्या 'फॅमिली रेस्टॉरंट' या पाटीच्या जवळपास जाणारी ही कल्पना. न्यूयॉर्कमध्ये १९६५ साली अ‍ॅलन स्टिलमन यांनी 'टीजीआय फ्रायडेज' काढलं, ते खरं तर तरुण-तरुणींना एकमेकांना भेटता यावं म्हणून! १९६८ मध्ये फ्लोरिडातल्या लेकलँड गावात बिल डार्डन यांनी रेड लॉब्स्टर सुरू केलं. १९७५ मध्ये डॅलसला चिलीज आलं, १९८२ मध्ये ऑर्लँडोला ऑलिव्ह गार्डन. समुद्रापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांनी लॉब्स्टर पहिल्यांदा चाखला तो रेड लॉब्स्टरच्या टेबलावर. सोबत चेडर चीजची गरम बिस्किटं फुकट. ही बिस्किटं म्हणजे आपण चहात बुडवतो ती नव्हेत, मऊ पावासारखी असतात.

म्हणजे या मंडळींनी विकला तो मधल्या वर्गाचा सण. महिन्यातून एखाद्या संध्याकाळी बायकामुलांना घेऊन बाहेर बसायचं आणि कुणीतरी आपल्याला वाढायचं, याचं सुख.

हे मधलं दुकान पुढे दोन्ही बाजूंनी दाबलं गेलं. १९९३ मध्ये डेन्व्हरला चिपोटले सुरू झालं. तिथे ताजं अन्न डोळ्यांदेखत वाढून मिळतं, दहा मिनिटांत काम होतं आणि वेटर नसल्यामुळे टेबलावर टीप ठेवावी लागत नाही. टीप हे प्रकरण अमेरिकेत साधं नाही. केंद्रीय कायद्यानं टीप मिळवणाऱ्या नोकराचं किमान वेतन तासाला २.१३ डॉलर ठरवलं आहे आणि १९९१ पासून त्यात एका पैशाची वाढ नाही. काही राज्यांनी आपापल्या हद्दीत ते वाढवलं, पण बाकी ठिकाणी वेटरचं पोट गिऱ्हाइकाच्या टीपवरच. तेव्हा चौघांचं कुटुंब जेवून उठलं, की बिलावर विक्रीकर आणि त्यावर पंधरा-वीस टक्के टीप. मेनूकार्डावर परवडणारा आकडा दारातून बाहेर पडेपर्यंत चांगलाच फुगलेला असतो. पुढे मोबाइलवरून जेवण घरी मागवायची सोय झाली आणि ज्या मॉलच्या आवारात ही रेस्टॉरंटं उभी होती, तिथली वर्दळही अनेक गावांत ओसरली.

गिऱ्हाईक हलायला लागलं की मालकापुढे दोन मोह उभे राहतात. पहिला सवलतीचा. २००८ च्या मंदीनंतर 'दोघांचं जेवण वीस डॉलरमध्ये' अशा पाट्या झळकल्या. सवलतीनं माणूस येतो, यात शंका नाही. पण त्याला एकदा सवय लागली, की पूर्ण किंमत ही त्याला फसवणूक वाटू लागते आणि तो पुढच्या कुपनाची वाट पाहत घरी थांबतो. रेड लॉब्स्टरला तर हा धडा आधीच मिळाला होता. २००३ मध्ये त्यांनी 'हवे तेवढे खेकडे' ही योजना काढली, त्याच सुमारास खेकड्याचे घाऊक भाव चढले आणि लोक ताटामागून ताट मागवत राहिले. दुसऱ्या ताटानं नाही, तिसऱ्या ताटानं घात केला, अशी कबुली तेव्हाच्या मालक कंपनीच्या अध्यक्षांनी दिली होती. साखळीच्या प्रमुख बाईंना त्या वर्षी पद सोडावं लागलं. वीस वर्षांत मालक बदलले, माणसं बदलली, आणि तो धडा बहुधा जुन्या फायलींतच राहिला.

दुसरा मोह काटकसरीचा, आणि माझ्या मते हाच जास्त घातक. सवलतीतला तोटा वहीत दिसतो तरी. पण मदतनीस कमी केल्यामुळे खरकटं टेबल पाच मिनिटं तसंच राहिलं आणि दारात उभं असलेलं कुटुंब मागे फिरलं, तर त्याची नोंद कुठे होते? २०१४ मध्ये स्टारबोर्ड व्हॅल्यू या गुंतवणूक संस्थेनं ऑलिव्ह गार्डनच्या कारभारावर जवळपास तीनशे पानांचं टिपण प्रसिद्ध केलं. त्यात एक नमुनेदार गोष्ट होती. पास्ता उकळायच्या पाण्यात मीठ घालणं तिथे बंद झालं होतं. कारण काय, तर मीठ न घातल्यास भांड्यांची वॉरंटी जास्त वर्षं मिळते! इटालियन म्हणवणाऱ्या हॉटेलात अळणी पास्ता, आणि तो कशासाठी, तर पातेल्यांसाठी. त्या वर्षी भागधारकांनी संचालक मंडळच्या मंडळ, बाराच्या बारा जण, घरी पाठवलं.

भागधारकांच्या रागाचं आणखी एक कारण होतं. ऑलिव्ह गार्डनची मालक असलेल्या डार्डन कंपनीनं त्याच वर्षी रेड लॉब्स्टर विकून टाकली होती. गोल्डन गेट कॅपिटल या खाजगी गुंतवणूक संस्थेनं ती २ अब्ज १० कोटी डॉलरला घेतली. एवढे पैसे कसे उभे केले? रेड लॉब्स्टरच्याच सुमारे पाचशे रेस्टॉरंटांखालची जमीन आणि इमारती दुसऱ्या कंपनीला दीड अब्ज डॉलरला विकून. काल जिथे स्वतःच्या जागेत चूल पेटत होती, तिथे आज भाडेकरू म्हणून पेटवायची. आपल्याकडे राहतं घर विकून त्याच घरात भाड्यानं राहणाऱ्याला लोक काय म्हणतील, ते सांगायला नको. दिवाळखोरीच्या कागदपत्रांतले आकडे पाहा : २०२३ मध्ये भाडेकरारांचा बोजा सुमारे १९ कोटी डॉलर, त्यातले ६ कोटी ४० लाखांहून जास्त तर नीट न चालणाऱ्या शाखांचे. कोळंबीचे १ कोटी १० लाख याच्यापुढे किरकोळच. आणि २०१९ च्या तुलनेत गिऱ्हाईक सुमारे ३० टक्क्यांनी घटलेलं.

कोळंबीची योजना रेटली कुणी, हाही प्रश्न आहे. २०२० पासून साखळीची सूत्रं थायलंडच्या थाई युनियन या मासळी कंपनीकडे होती, आणि ती स्वतःच कोळंबी पुरवणारी. दुसरे दोन पुरवठादार हटवून मालकाचाच माल महागात घेतला गेला, असा आरोप रेड लॉब्स्टरच्या नव्या व्यवस्थापनानं कोर्टात केला. थाई युनियननं तो फेटाळला.

मग लोकांना आता बाहेर बसून जेवायचंच नाही, असं समजायचं का? नोव्हेंबर २०२४ च्या सुरुवातीला टीजीआय फ्रायडेजनंही दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा पुष्कळांनी तसंच म्हटलं. पण त्याच तिमाहीत चिलीजच्या जुन्या शाखांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा ३१ टक्क्यांनी वाढली. केविन हॉकमन २०२२ मध्ये चिलीजच्या मालक कंपनीचे प्रमुख झाल्यावर त्यांनी केलेल्या गोष्टी ऐकायला अगदी घरगुती आहेत. मेनूकार्डावरचे पदार्थ मोठ्या संख्येनं कमी केले. टेबल आवरणारी माणसं परत आणली. स्वयंपाकघरातली निरर्थक कामं काढून टाकली. किंमत मात्र उघड लावली : बर्गर, बटाट्याचे काप, चिप्स आणि पेय मिळून १०.९९ डॉलर. कुपन शोधायला नको. त्या वेळी साध्या बर्गरच्या दुकानातही तेवढ्याच्या आसपास पैसे जात होते, आणि इथे तर बसायला सोफा, वर वाढायला माणूस. ऑलिव्ह गार्डनमध्येही २०१४ नंतर पास्त्याच्या पाण्यात मीठ परत आलं आणि सवलतींचा सोस कमी झाला.

रेड लॉब्स्टर सप्टेंबर २०२४ मध्ये कोर्टातून बाहेर पडली. शंभरावर शाखा बंद झाल्या होत्या, ५४४ उरल्या होत्या. प्रमुख म्हणून आले दामोला अदामोलेकुन, तेव्हा वय वर्षं ३५. फुकटची गरम बिस्किटं तेवढी त्यांनी तशीच ठेवली.